घरच्या कॉम्प्युटरला मराठी शिकवा!

आधी एक गंमत. कागदावर इंग्रजी एम, ए, एल, ए अशी चार अक्षरे लिहा आणि घरातल्या प्रत्येकाला ती मराठी शब्द म्हणून वाचायला सांगा. कोणी ‘मला’ वाचेल, कोणी ‘माळा’, कोणी ‘मळा’, तर कोणाला ‘माला’ नावाची मावशी आठवेल. व्ही, ई, एल म्हणजे ‘वेळ’ की ‘वेल’? पी, ए, एन म्हणजे ‘पण’ की ‘पान’? मोठी माणसे वाक्यावरून अंदाज बांधतात, कारण शब्द त्यांच्या ओळखीचा असतो. आपल्या वर्गातल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलांना तो शब्दच नवा असेल तर त्यांनी अंदाज कशावरून बांधायचा?

हा प्रश्न मनात यायचे कारण म्हणजे आपल्या घरोघरचे फोन. आज ईलिंगमधल्या मराठी घरांत मराठीचे जे काही लिखाण होते, ते बहुतेक सगळे व्हॉट्सॲपवर होते, आणि तेही इंग्रजी अक्षरांत. शनिवारी सकाळी आपण मुलांकडून ‘ळ’ आणि ‘ण’ गिरवून घेतो. वर्ग सुटल्यावर तेच मूल आईच्या फोनमध्ये डोकावते, तर तिथे ‘निघालो, पाच मिनिटांत पोचतो’ हे वाक्य इंग्रजी अक्षरांत! मुले हुशार असतात. देवनागरी ही फक्त वहीत लिहायची गोष्ट आहे, मोठी माणसे ती वापरत नाहीत, हे त्यांना न सांगता कळते.

म्हणून माझे मत सरळच सांगतो. ज्या घरात मूल मराठी शिकते आहे, त्या घरातल्या प्रत्येक फोनवर आणि कॉम्प्युटरवर मराठी कळफलक हवा, आणि घरातल्या ग्रुपवर मराठी देवनागरीतच लिहायला हवी. पैसे पडत नाहीत. लागतो तो अर्धा तास आणि पुढचे दोन आठवडे थोडी चिकाटी.

हे आपल्याला इतरांपेक्षा जास्त लागू आहे. इथल्या शाळांत गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दू या भाषांची जी.सी.एस.ई. परीक्षा देता येते. मराठीची परीक्षाच नाही. शेजारच्या साउथॉलमधल्या पंजाबी मुलाला निदान परीक्षेसाठी गुरुमुखी लिहावी लागते. आपल्या मुलाला मराठी लिहायला लावणारे दुसरे कोणीच नाही. आठवड्यातून एकदा वही आणि रोज फोन, यात शेवटी जिंकणार फोनच!

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची सवय आपल्याला लागली, तिच्यामागे एक साधे कारण होते. पूर्वी फोनवरच्या एका एस.एम.एस.मध्ये इंग्रजी १६० अक्षरे मावत, पण देवनागरी लिहिले की मर्यादा ७० वर येई. म्हणजे एकाच निरोपाला दोन-तीन संदेशांचे पैसे! शिवाय बऱ्याच फोनांवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसत. तेव्हा लोकांनी काटकसर केली ते शहाणपणाचेच होते. आता फोन सगळ्या लिप्या दाखवतो आणि व्हॉट्सॲप अक्षरे मोजून पैसे घेत नाही. काटकसरीचे कारण गेले, सवय मात्र राहिली.

काही पालक म्हणतात, ‘लिपी कुठली का असेना, मुलगा मराठी लिहितोय ना?’ हे म्हणणे मी उडवून लावणार नाही. गोव्यात रोमी कोंकणीची मोठी परंपरा आहे. रोमन लिपीत तिथे पुस्तके निघाली, नियतकालिके चालली, ‘तियात्र’ लिहिले गेले. पण त्या लोकांनी आपल्या लेखनाची रीत ठरवली आणि पिढ्यान्‌पिढ्या ती पाळली. आपले इंग्रजी अक्षरांतले मराठी तसे नाही. एकाच घरात आई ‘आहे’ एका तऱ्हेने लिहिते, बाबा दुसऱ्या आणि दादा तिसऱ्या. त्यातून मुलाने शिकायचे तरी काय?

आणि लिपी सुटली की काय होते, हे आपल्या लोकांनी एकदा पाहिलेले आहे. महाराष्ट्रात कित्येक शतके कारभाराचे आणि घरगुती लिखाण मोडी लिपीत होत असे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी व्यवहारातून गेली. आज अनेक घरांत पणजोबांच्या हातचे कागद आहेत, जमिनीची खरेदीखते आहेत, पत्रे आहेत. भाषा आपलीच, पण एक ओळ वाचता येत नाही. मोडी जाणणारा माणूस शोधून त्याच्याकडून वाचून घ्यावे लागते. मोडीलासुद्धा २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली, म्हणजे कॉम्प्युटरला ती आता लिहिता येते. माणसांना मात्र येत नाही! (युनिकोड म्हणजे काय ते पुढे सांगतो.)

आता कामाला लागू. पालकांनी फोन किंवा कॉम्प्युटर समोर घेऊनच वाचावे.

विंडोजच्या कॉम्प्युटरवर ‘सेटिंग्ज’ उघडा. त्यात ‘टाइम अँड लँग्वेज’ आणि तिथे भाषांची यादी आहे. ‘ॲड अ लँग्वेज’ दाबून ‘मराठी’ निवडा. एक काळजी घ्या: पुढे ‘डिस्प्ले लँग्वेज’ अशी एक चौकट येते, तिच्यावर खूण असेल तर काढा. नाहीतर सगळा कॉम्प्युटर मराठी बोलू लागेल आणि ऑफिसच्या कामाच्या वेळी घरात आरडाओरडा होईल. (तसे करून पाहायला हरकत नाही; मुलांना फार मजा येते. पण रविवारी करा.) मग विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि स्पेस एकदम दाबली की इंग्रजीची मराठी होते, पुन्हा दाबली की मराठीची इंग्रजी. ॲपलच्या कॉम्प्युटरवर ‘कीबोर्ड’च्या सेटिंगमध्ये ‘इनपुट सोर्सेस’ आहे, तिथे मराठी मिळवा. आयफोनवर ‘जनरल’, मग ‘कीबोर्ड’, मग ‘ॲड न्यू कीबोर्ड’. अँड्रॉइडवर बहुतेकांकडे गूगलचा जीबोर्ड असतो. त्याच्याच सेटिंगमधल्या ‘लँग्वेजेस’मध्ये मराठी आहे. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर मात्र परवानगीशिवाय काही करू नका.

इथे एक प्रश्न उभा राहतो, आणि त्यावर आपल्यात मतभेद होणार याची मला कल्पना आहे. मराठी टाइप करायच्या मुख्य दोन पद्धती आहेत. पहिलीत आपण इंग्रजी अक्षरे दाबतो आणि यंत्र अंदाजाने मराठी शब्द पुढे करते. दुसरीत प्रत्येक कळेवर थेट देवनागरी अक्षर असते. पहिली पद्धत लगेच जमते, म्हणून सगळे तिच्याकडे वळतात. घाईत असलेल्या आईबाबांना ती ठीक आहे. मुलांना मात्र देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

का? तर त्या पद्धतीत शुद्धलेखन मूल करत नाही, यंत्र करते. ‘ल’ की ‘ळ’, ‘न’ की ‘ण’, ऱ्हस्व की दीर्घ, हे ठरवणेच तर मुलाने शिकायचे असते. शेवटचा इकार दीर्घ, पण ‘आणि’ ऱ्हस्व, हे वर्गात कितीदा सांगायचे? यंत्र बरोबर शब्द पुढे करते, मूल त्यावर बोट ठेवते, झाले! डोक्यात काही गेले नाही. आणि यंत्राने चुकीचा शब्द पुढे केला तर तोही तितक्याच विश्वासाने स्वीकारला जातो.

दुसऱ्या पद्धतीचा कॉम्प्युटरवरचा प्रमाण कळफलक म्हणजे ‘इनस्क्रिप्ट’. १९९१ सालच्या भारतीय मानकात तो आहे. पाहिल्या पाहिल्या भीती वाटते, पण ज्याला बाराखडी येते त्याच्यासाठी तो खरे तर फार समजूतदार आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताखाली, बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली. ‘के’ या कळेवर ‘क’. शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की ‘ख’. ‘एल’वर ‘त’, शिफ्टसह ‘थ’. ‘एच’वर ‘प’, शिफ्टसह ‘फ’. ‘एन’वर ‘ल’, आणि शिफ्टसह आपला लाडका ‘ळ’! ऱ्हस्व वेलांटी ‘एफ’वर आणि तिच्या डोक्यावरच्या ओळीत, ‘आर’वर, दीर्घ वेलांटी. तसाच ‘जी’वर ऱ्हस्व उकार आणि वरच्या ‘टी’वर दीर्घ. हा कळफलक ज्याने रचला त्याने बाराखडी समोर ठेवूनच रचला आहे. शिवाय हीच मांडणी इतर भारतीय लिप्यांनाही आहे: गुजराती ‘क’ आणि तमिळ ‘क’ही त्याच ‘के’वर.

मुलांनो, तुमच्यासाठी एक जादू. ‘कि’ लिहिताना वहीत आपण आधी वेलांटी काढतो की आधी ‘क’? कॉम्प्युटरवर आधी ‘क’ दाबायचा आणि मग वेलांटी; ती उडी मारून आपोआप ‘क’च्या डावीकडे जाऊन बसते! कारण कॉम्प्युटर अक्षरे आपण उच्चारतो त्या क्रमाने लक्षात ठेवतो. आता आपल्या गावाचे नाव लिहून पाहा: शिफ्ट आणि आर, मग एन, एफ, एक्स, आय. पाच वेळा दाबले की ‘ईलिंग’ तयार. कळांवर चिकटवायच्या देवनागरी अक्षरांच्या पट्ट्या विकत मिळतात. पण कळफलकाचे चित्र छापून भिंतीवर लावले तर त्याहून बरे, कारण मग बोटांना जागा लवकर पाठ होतात.

सरावाला सेंट्रल लाइनची स्टेशने घ्या. ईलिंग ब्रॉडवे, वेस्ट ॲक्टन, नॉर्थ ॲक्टन, ईस्ट ॲक्टन, व्हाइट सिटी, शेपर्ड्स बुश. यात रफार आला, ‘स्ट’चे जोडाक्षर आले, ‘ब्रॉ’ आला आणि ‘ॲ’ही आला. या ‘ॲ’ची गोष्ट सांगण्यासारखी आहे. हिंदीत ते अक्षर लागत नाही, हिंदीवाले ‘एक्टन’ लिहितात. मराठीला ते हवेच. पण कॉम्प्युटरच्या अक्षरसंचात स्वतंत्र ‘ॲ’ आला तो २००८ साली. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र बसवायला नाना खटपटी करत, आणि तो चंद्र पुष्कळदा अधांतरी लोंबकळत राही. दुसरे आपले खास अक्षर म्हणजे ‘ऱ्य’मधला आडवा ‘र’. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ बोलावले की गुरुजी येतात, ‘आचाऱ्यांना’ बोलावले की स्वयंपाकी! इनस्क्रिप्टमध्ये हा ‘र’ शिफ्ट आणि ‘जे’वर आहे, तो दाबून ‘डी’वरचा हलन्त दाबा आणि मग ‘य’. इंग्रजी अक्षरांत लिहिणाऱ्याला हा फरक दाखवायला जागाच नाही.

आता पालकांसाठी, विशेषतः ज्यांच्याकडे जुन्या फाइली आहेत त्यांच्यासाठी. १९९० च्या दशकात आपल्यापैकी अनेकांनी हौसेने मराठी टाइप केले: नातेवाइकांना पत्रे, आईच्या पाककृती, मंडळाच्या नाटकाची संहिता. तेव्हा ‘शिवाजी’, ‘किरण’, ‘श्रीलिपी’, ‘आकृती’ असे टंक होते. आज ती फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि प्रश्नचिन्हे यांचा गोपाळकाला दिसतो. फाइल बिघडलेली नाही. त्या काळच्या टंकांत युक्ती अशी होती की, कॉम्प्युटरला वाटे आपण इंग्रजी अक्षरच लिहितो आहोत, फक्त त्या अक्षराचे चित्र मराठी असे. शिवाय प्रत्येक टंकाची मांडणी वेगळी. टंक गेला की चित्र गेले, उरले ते इंग्रजी अक्षर.

युनिकोडने हे बदलले. त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे: ‘म’चा २३५०, ‘ळ’चा २३५५. टंक कोणताही असो, ‘म’ तो ‘म’च राहतो, ईलिंगला आणि इचलकरंजीलाही. विंडोज २००० पासून घराघरांतल्या कॉम्प्युटरवर देवनागरी युनिकोड वाचता येऊ लागले, ते ‘मंगल’ या टंकामुळे. तो टंक र. कृ. जोशी यांनी केला. ते मराठी कवी, सुलेखनकार आणि मुंबईच्या आय.आय.टी.तले शिक्षक होते. २००८ साली वारले. ज्यांची अक्षरे आपण वाचत आलो, त्या माणसाचे नाव मुलांना माहीत असावे, म्हणून इथे दिले.

तेव्हा माझी कळकळीची विनंती: माळ्यावरची ती सी.डी. किंवा फ्लॉपी खाली काढा. फाइल कोणत्या टंकात आहे ते पाहा. जुन्या टंकातला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने इंटरनेटवर फुकट मिळतात. बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून घाला, कारण रफार, वेलांटी आणि जोडाक्षरे यांत हमखास गोंधळ होतो. आईच्या पाककृतीत ‘वेलची’ची ‘वलेची’ झाली तर कळते, पण ‘पाव चमचा’चे भलतेच काही झाले तर भाजी कोण खाणार? फ्लॉपी वाचणारे यंत्र आता सहजी मिळत नाही, म्हणून हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. आणि छापलेला कागद असेल तर तो आधी जपा! आपल्यासारख्या वर्गांचे त्या काळचे झेरॉक्स अंक आजही सहज वाचता येतात, त्यांच्या फाइली मात्र उघडत नाहीत.

झेरॉक्सवरून आठवले. आपला अंक झेरॉक्स होतो, आणि झेरॉक्सला अनुस्वार खायची फार आवड! बारीक अक्षर असेल तर टिंब उडते आणि ‘मांडणे’चे ‘माडणे’ होते. म्हणून अंकासाठी मजकूर १४ पॉइंटपेक्षा लहान नको. टंक निवडताना ‘ल’ आणि ‘श’ पाहून घ्या. अनेक टंकांत हिंदी पद्धतीचा ‘ल’ असतो. वर्गात आपण पाकळ्यांचा ‘ल’ गिरवतो आणि मुलाला पडद्यावर दुसराच दिसतो. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ हा टंक फुकट मिळतो आणि त्यात ही अक्षरे मराठी वळणाची आहेत.

भाषांतराच्या यंत्राबद्दल थोडेसेच. गृहपाठासाठी ते वापरले की शिक्षकांना कळते, हे मुलांनी लक्षात ठेवावे! इंग्रजीतल्या ‘वी’चे मराठीत ‘आम्ही’ करायचे की ‘आपण’, हे इंग्रजी वाक्यात सांगितलेलेच नसते, म्हणून यंत्र आपले ठोकून देते. ‘आम्ही जेवायला जातो’ म्हटले तर पाहुणा घरी बसतो, ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटले तर चप्पल घालतो. आजीला ‘तू’ आणि आजोबांना ‘तुम्ही’ म्हणायची तुमच्या घरची रीतही यंत्राला माहीत नाही. अडलेला शब्द शोधायचा असेल तर मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर आहे, मराठी विश्वकोशही आहे. कोशात शब्द शोधायचा तर तो देवनागरीत नीट टाइप करता आला पाहिजे, हे ओघानेच आले.

राहता राहिले आजी-आजोबा. पुष्कळदा असे दिसते की नातवंडांना वाचता यावे म्हणून तेही बिचारे इंग्रजी अक्षरांत लिहितात, आणि नातवंडे आजीला सोपे जावे म्हणून! बोलके संदेश पाठवायची सोय झाल्यापासून तर लिहिणेच कमी झाले आहे. आजीचा आवाज ऐकू येतो हे छानच, पण ऐकून ‘ळ’ काढता येत नाही. तेव्हा मुलांनो, या उन्हाळ्यात पुण्याला, नाशिकला, नागपूरला जाल तेव्हा आजीच्या फोनवर मराठी कळफलक तुम्हीच बसवून द्या, आणि अक्षर मोठे करून द्या. तिला टाइप करायला त्रास होत असेल तर कळफलकावरचे माइकचे चिन्ह दाखवा: ती मराठीत बोलेल आणि फोन देवनागरीत लिहील. चुका होतील, हसू येईल. आणि तिचे संदेश अधूनमधून व्हॉट्सॲपमधल्या ‘एक्सपोर्ट चॅट’ने काढून कॉम्प्युटरवर ठेवा. फोन हरवतात, बदलतात. देवनागरीत लिहिलेले असेल तर त्या फाइलमध्ये नंतर ‘आजी’ असा शब्द शोधताही येईल.

पुढच्या शनिवारी ज्यांना सेटिंगमध्ये अडचण येते आहे त्यांनी लॅपटॉप किंवा फोन घेऊन वर्ग सुटल्यावर दहा मिनिटे थांबावे. मोठ्या गटातली मुले मदत करणार आहेत. पुढच्या अंकासाठी प्रत्येक मुलाने आपल्या घराजवळच्या स्टेशनबद्दल, बागेबद्दल किंवा दुकानाबद्दल पाच ओळी स्वतः टाइप करून द्याव्यात, इनस्क्रिप्टनेच. शुद्धलेखनाच्या चुका आम्ही दुरुस्त करू. इंग्रजी अक्षरांतला मजकूर मात्र घेतला जाणार नाही. हाताने वहीच्या कागदावर लिहिलेला आनंदाने घेऊ.